धुवणातलं सोनं

(वागळे इस्टेट आणि रबाळ्याच्या छोट्या प्लेटिंगवाल्यांसमोर ठाण्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, सराफांच्या दुकानांपुढची धूळ गोळा करणारा झारेकरी तुमच्यातल्या जुन्या माणसांनी पाहिला असेल. दुकानं उघडायच्या आत गटाराच्या कडेची माती भरायची, घमेल्यात धूत बसायचं, तळाशी उरलेले कण पकडायचे. मला त्या माणसांबद्दल फार आदर आहे. पण झारेकऱ्याला सापडतं ते कणांतलं सोनं. आपल्याकडचं सोनं पाण्यात विरघळलेलं असतं, ते घमेल्याच्या तळाशी बसत नाही.

ते पकडायला आयन-विनिमय पडदा, म्हणजे आयन (विजेचा भार असलेले कण) निवडून सोडणारा मेम्ब्रेन, कसा वापरायचा हा आजचा विषय. पण आधी एक हकिगत सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. कनेक्टरच्या पिनांना सोन्याचा मुलामा द्यायचं काम. पोटॅशियम गोल्ड सायनाइडची बाटली मालकांच्या कपाटात, कुलपात. वजन करून द्यायची, वजन करून परत घ्यायची, रजिस्टरवर दोन सह्या. या क्षारात वजनाच्या 68 टक्के सोनंच असतं, त्यामुळे ही काळजी रास्त होती. वर्षाचा हिशेब लागेना. पिनांवर चढलेलं आणि बाटलीतून गेलेलं, यांत दहा तोळ्यांचा फरक! संशय गेला बाथवरच्या, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीवरच्या, ऑपरेटरवर. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. संध्याकाळी गेटवर त्यांचा डबा उघडायचे, उरलेल्या भाजीत चमचा फिरवून बघायचे. मामा एका शब्दानं बोलले नाहीत. गणपतीला खेडला गावी गेले, ते परत आलेच नाहीत.

तो डबा माझ्या डोक्यातून जाईना. एक दिवस मी सकाळपासून बाथजवळ उभा राहिलो. पिना अडकवलेला रॅक वर आला की प्रत्येक पिनेच्या टोकाला थेंब लोंबतो. चार-पाच सेकंद निथळू दिलं तर बरेचसे थेंब परत बाथमध्ये पडतात. पण घाई असायची. रॅक तसाच शेजारच्या धुवायच्या टाकीत. ती टाकी 50 लिटरची. दर शनिवारी हायपोक्लोराइट टाकून सायनाइड मारायचं आणि पाणी गटारात सोडायचं. सायनाइडमधलं सोनं रंग दाखवत नाही, धुवण नळाच्या पाण्यासारखंच दिसतं. शनिवारी, टाकी सोडायच्या आधी, मी त्यातलं थोडं तपासायला दिलं. लिटरला 40 मिलिग्रॅम निघालं. म्हणजे दर शनिवारी 2 ग्रॅम, वर्षाचे पन्नास शनिवार धरले तर 100 ग्रॅम. तेच ते दहा तोळे.

रिपोर्ट मालकांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, घडी घालून खिशात टाकला. मामांना पत्र पाठवणार का, असं मी विचारलं. उत्तर मिळालं नाही. मला त्याचा राग आजही येतो.

आणि 40 मिलिग्रॅम थोडं समजू नका. खाणीत टनभर खडक दळून काही ग्रॅम सोनं हाती लागतं. आपल्या टाकीत टनभर पाण्यामागे 40 ग्रॅम आहे! फ्रिट्झ हाबर, अमोनियावाले, 1918 चं नोबेल मिळालेले. पहिल्या महायुद्धाची भरपाई फेडायला ते समुद्राच्या पाण्यातलं सोनं काढायला निघाले होते. जहाजावर प्रयोगशाळा थाटली, आणि अपेक्षेच्या हजाराव्या हिश्शाइतकंही सोनं सापडलं नाही. त्यांना आपली एक टाकी मिळायला हवी होती.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर पडदा.

आज बरेच जण धुवण रेझिनमधून, म्हणजे आयन धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या मण्यांमधून, नेतात. सोनं रेझिनला इतकं चिकटतं की सोडवत बसण्यापेक्षा रेझिनच जाळतात आणि राखेतून सोनं काढतात. एकदा जाळलेलं रेझिन गेलंच. पडदाही तशाच प्लास्टिकचा, पण त्यात सोनं साठवायचं नसतं. धन आयनांच्या पडद्यात ऋण भार कायमचे जखडलेले असतात. तो धन आयन सोडतो, ऋण आयन अडवतो. ऋण आयनांच्या पडद्याचं उलट. सायनाइडमधलं सोनं ऋण आयन म्हणून फिरतं. हे दोन पडदे आलटूनपालटून लावले आणि डीसी करंट दिला, की सोनं एका पडद्यातून जातं, पुढच्यापाशी अडतं आणि मधल्या कप्प्यात साचत जातं. तांबं, निकेलही सायनाइडमध्ये ऋण आयनच होतात, तेही सोबत साचतात, म्हणून हे दाट पाणी तपासल्याशिवाय बाथमध्ये ओतू नका.

मग दोन कप्प्यांचा सेल. मध्ये धन आयनांचा पडदा, कॅथोडकडे (ऋण टोकाकडे) दाट केलेलं धुवण, एनोडकडे (धन टोकाकडे) कॉस्टिक सोडा. सोनं कॅथोडवर बसतं, सुटलेलं सायनाइड एनोडपर्यंत पोचत नाही. एनोडकडे आम्ल चुकूनही घालू नका; सायनाइडला आम्ल लागलं की जीवघेणा वायू सुटतो. हिशेबानं एका अँपिअर-तासाला 7.35 ग्रॅम सोनं बसायला हवं. पातळ पाण्यात बराचसा करंट हायड्रोजन काढण्यातच जातो, म्हणून आधी दाट करायचं. डीसी करंट देणारा रेक्टिफायर आपल्या प्रत्येकाकडे आहेच.

बाथमधलं ब्राइटनर, म्हणजे चकाकी आणणारं रसायन, पडद्यावर साचून त्याची भोकं बुजवतं, पण त्यासाठी आधी कार्बन फिल्टर लावू नका, कार्बन सोनंही धरून ठेवतो. आणि रॅक निथळू द्या, त्याला तर पैसाही लागत नाही.

पडद्याचा एक तुकडा या ताटलीत पाण्यात ठेवलाय. जाताना हात लावून बघा, पण पुन्हा पाण्यातच ठेवा. वाळला की आकसतो आणि तडकतो.