शेवटचा आकडा

(दृश्य : नागपूरचं अजनी यार्ड, मे महिना. रुळावर उभी मालगाडी.)

सकाळचे १० वाजलेत आणि लोखंडाला हात लावायची सोय राहिलेली नाही. कोळशाची पूड बसलेल्या या वाघिणीकडे, म्हणजे मालगाडीच्या डब्याकडे, जरा जवळून बघा. पांढऱ्या रंगातले ११ आकडे. पहिले २ वाघिणीचा प्रकार सांगतात. पुढचे २ तिची मालकी कोणत्या रेल्वेची ते सांगतात, मध्य रेल्वे असेल तर ०१. मग बांधणीचं साल, मग तिचा स्वतःचा ४ आकडी क्रमांक. झाले १०. हा ११ वा आकडा मात्र वाघिणीबद्दल काहीच सांगत नाही. तो आधीच्या दहांची राखण करतो.

(पडद्यावर नमुन्याचा क्रमांक : १० ०१ १२ ४३८५)

चला, मांडून बघू. सम जागांवरचे आकडे ०, १, २, ३, ५. बेरीज ११, तिची तिप्पट ३३. विषम जागांवरच्यांची बेरीज १४. एकूण ४७. दहाच्या पुढच्या पटीला, म्हणजे पन्नासला, किती कमी? ३. म्हणून वाघिणीवर शेवटी ३ रंगवायचा.

आता या उन्हात नंबर उतरवणाऱ्याच्या हातून ४३ चे ३४ झाले. बेरीज येते ४९, म्हणजे शेवटी १ हवा. लिहिलाय ३. चूक तिथेच सापडली, वाघीण यार्डातून हलायच्या आधी. मला हा हिशेब फार आवडतो. पाचवीतलं पोरही तो करेल.

पण ३८ चे ८३ झाले तर? बेरीज ५७, शेवटी पुन्हा ३! चूक निसटली. ३ आणि ८ मध्ये फरक पाचाचा. जागा बदलल्या की एकाची तिप्पट सुटते, दुसऱ्याची लागते आणि बेरीज बरोबर १० ने सरकते. शेवटचा आकडा जागचा हलत नाही. १ आणि ६, २ आणि ७ शेजारी आले तरी हेच.

(दृश्य : इतवारीतलं किराणा दुकान. बिस्किटाचा पुडा, स्कॅनरचा आवाज.)

पुड्यावरच्या १३ आकडी बारकोडलाही हाच हिशेब. आणि हो, सुरुवातीचे ८९० म्हणजे माल भारतात बनला, असं नव्हे. नोंदणी भारतातली, एवढाच त्याचा अर्थ.

(दृश्य : सेवा केंद्र. खिडकीपुढे रांग.)

आधारचा १२ वा आकडा यापेक्षा कडक. याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेली ही रीत. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर ती पकडतेच. ३ आणि ८ सुद्धा तिच्यातून सुटत नाहीत.

तरीही माझ्या आईचा अर्ज अडला होता. कोणीतरी तिच्या जागी माझा आधार क्रमांक भरला. आकडे सगळे बरोबर, शेवटचाही बरोबर. संगणकाने हूं की चूं केलं नाही. आकडा नीट लिहिलाय का, इतकंच त्याला तपासता येतं. तो कोणाचा आहे, हे त्या आकड्यात नसतं. आम्ही दोन महिने खेटे घातले.

या खिडकीवरची मुलगी बघा. चार-चार आकडे मोठ्याने वाचते, बोट कार्डावर ठेवून. मग कार्ड उलटं धरते आणि विचारते, "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं."