तीन किलोंचा मेंदू

दादरच्या भाजीबाजारात तराजूच्या पारड्यात बटाटे पडत आहेत. आधी एक किलो चारशे ग्रॅम, म्हणजे प्रौढ माणसाच्या मेंदूचे साधारण वजन, आणि मग तीन किलो. हा दुसरा आकडा अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट यांच्या १९८५ सालच्या ‘गॅलापागोस’ या विज्ञान कादंबरीतला आहे. तिचा निवेदक माणसाच्या मेंदूचे वजन तीन किलो सांगतो आणि जगातल्या अनर्थांचे खापर त्याच मेंदूवर फोडतो.

बाजारालगतच्या या घरात जमलेल्या वाचकांमध्ये वाद पेटला तो याच आकड्यावरून. एकाने त्याला लेखकाचे अज्ञान म्हटले, तर दुसऱ्याने छपाईतली चूक. खिडकीजवळ बसलेल्या आजींनी मात्र नाथांच्या भारुडाची आठवण करून दिली. तिथे पाण्यालाच तहान लागते, आणि ती कशी लागेल असे कोणी विचारत नाही, कारण उलटे बोलणे हीच अर्थाची खूण आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. आम्हाला हेच वाचन पटते: तीन किलो ही चूक नव्हे, मुद्दाम केलेले उलटे बोलणे आहे.

खाली बाजारात नोट पुढे करणारा हा हात पाहावा. कादंबरीत पैशाच्या मोलाविषयीचे लोकांचे मत अचानक पालटते. पृथ्वीवर अन्न पूर्वीइतकेच असते, तरीही देशच्या देश उपाशी पडतात. व्यंगाचा रोख इथे आहे: विचार करण्याच्या शक्तीवर नव्हे, तर आपल्याच कल्पनेला वस्तुस्थिती समजणाऱ्या बुद्धीवर. पुढे एका ओसाड बेटावर उरलेल्या मोजक्या माणसांचे वंशज दहा लाख वर्षांत लहान डोक्याचे, अंगावर लव असलेले, मासे पकडून जगणारे प्राणी होतात, आणि निवेदक त्याला सुधारणा म्हणतो. पण हा निवेदक एक भूत आहे, आणि त्याची ही गोष्ट समजू शकेल असा मेंदू त्याच्या त्या जगात कोणाकडेच उरलेला नाही. त्याचा निवाडा लेखकाच्या तोंडी घालणे म्हणूनच आम्हाला अन्यायाचे वाटते.

वाद मिटला नाही. दोघे सभासद पुढच्या बैठकीला आले नाहीत.

आजी आता पुस्तकाचे सुरुवातीचे पान उघडत आहेत. तिथे नाझींपासून लपून राहून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँक या मुलीचे वाक्य आहे: एवढे सगळे होऊनही माणसे मनाने खरोखर चांगली असतात, असे तिला अजून वाटते. त्या ते सावकाश, दोनदा वाचतात.