प्रकाशाला थांबवायचं कसं?

(परभणीत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

टेलिपोर्टेशन म्हटलं की माणूस इथे गायब आणि तिकडे हजर, असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ते आज बाजूला ठेवा. इथे जाते ती फक्त क्वांटम अवस्था, म्हणजे एखाद्या कणाची त्या क्षणाची नेमकी स्थिती; कण स्वतः जात नाही. आणि मला विचाराल तर यातली खरी करामत जाण्यापेक्षा थांबण्यात आहे. त्यासाठी आपलीच रेल्वेलाइन घेऊ.

संभाजीनगर ते नांदेड अडीचशे किलोमीटर धरा. चांगल्यातल्या चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्येसुद्धा दर किलोमीटरला साडेचार टक्के प्रकाश वाया जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नांदेड येईपर्यंत लाखातला एखादाच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, उरतो. तुमच्या मोबाइलच्या डेटाचं यात काही अडत नाही, वाटेत अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. एकट्या फोटॉनवरच्या अवस्थेला तो उपाय लागू पडत नाही, कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल काढताच येत नाही. हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय.

मग जालन्याला आणि परभणीला टप्पे करू. सोयीसाठी तिन्ही टप्पे सारख्या लांबीचे समजा. प्रत्येकाच्या यशाची शक्यता साधारण शंभरात दोन. छान! पण तिन्ही एकाच क्षणी जुळायला हवे असतील, तर गुणाकार करून बघा: पुन्हा लाखात एकच. म्हणजे नुसत्या टप्प्यांनी काही साधलं नाही. जालन्याचा टप्पा जुळला आणि तो तसाच धरून ठेवता आला, मग पुढचा जुळेपर्यंत वाट बघता आली, तर मात्र गणितच पालटतं. आता प्रकाशाला थांबणं ठाऊक नाही, अणूंना आहे. तेव्हा प्रकाशावरची अवस्था अणूंवर उतरवता आली पाहिजे.

टेलिपोर्टेशनची कल्पना कागदावर आली मार्च १९९३ मध्ये. आपल्याला ते साल किल्लारीमुळे आठवतं. चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध. १९९७ मध्ये फोटॉनवर प्रयोग झाले, २००४ मध्ये आयनांवर. प्रकाशाकडून अणूंकडे अवस्था गेली ती २००६ मध्ये, कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमध्ये, युजीन पोल्झिक यांच्या गटाच्या हातून.

तो प्रयोग जरा जवळून बघू. काचेची छोटी कुपी, आत सीझियमची वाफ, अंदाजे एक लाख कोटी अणू. तापमान खोलीचंच. कुपीला आतून पॅराफिन, म्हणजे मेणाचा पातळ थर. अणू सारखे भिंतीवर आदळत असतात. कोरी काच असती तर त्या टकरींत त्यांच्या स्पिनची, म्हणजे अणूंच्या अंगभूत फिरकीसारख्या गुणाची, दिशा बिघडली असती. मेणामुळे ती टिकते. इतक्या नाजूक भौतिकशास्त्राचा भार मेणावर! मला या प्रयोगातला हा भाग सगळ्यात आवडतो.

आधी लेसरचा एक जोरकस स्पंद कुपीतून जातो आणि बाहेर पडताना अणूंशी एंटँगल झालेला असतो, म्हणजे दोघांच्या अवस्था एकमेकींत गुंतलेल्या असतात. अर्धा मीटर पुढे त्याची गाठ एका क्षीण स्पंदाशी पडते. पाठवायची अवस्था या क्षीण स्पंदावर आहे. दोघांना एकत्र मिसळून मोजमाप होतं, पण ते कसं? दोन लेकरं पाठीला पाठ लावून उभी केली तर कोण किती बोटं उंच ते कळतं, उंची कुणाचीच कळत नाही. इथेही दोघांमधलं नातं मोजतात, प्रत्येकाची अवस्था वेगळी उघड होत नाही. ती उघड झाली असती तर तिथेच मोडली असती.

मोजमापाचा निकाल साध्या विद्युत संकेताने मागे येतो, कुपीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राला रेडिओ वारंवारतेचा हलका धक्का देतात, आणि अणूंचा स्पिन हव्या त्या अवस्थेत येतो. मूळ स्पंदावर ती अवस्था आता उरलेली नाही, त्यामुळे नक्कल झाली असं म्हणता येत नाही. शिवाय तो साधा संकेत पोचल्याशिवाय काम पुरं होत नाही; म्हणून प्रकाशापेक्षा वेगाने निरोप धाडण्याची आशा सोडा.

अचूकता किती? सुमारे ५८ टक्के. क्वांटम युक्तीशिवाय ५० च्या आसपासच मजल जाते. मथळ्यांत हे आकडे सहसा येत नाहीत, पण ५० आणि ५८ मधल्या त्या फटीतच सगळी बातमी आहे.

अडचणी उरल्यातच. सीझियमला ८५२ नॅनोमीटरचा प्रकाश मानवतो, फायबरला १५५० च्या आसपासचा; मध्ये रंग बदलून घ्यावा लागतो. अणूंची स्मृतीही पुरेशी टिकायला हवी.

एका मुलीने विचारलं, आपल्या औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, उभारतायत, तिथे हे होणार का? टेलिपोर्टेशन नाही होणार. पण अमेरिकेतल्या लायगोच्या डिटेक्टरांमध्ये २०१९ पासून ‘स्क्वीझ्ड’ प्रकाश नियमित वापरतात. त्यात प्रकाशाचा क्वांटम गोंगाट एका बाजूने दाबतात, तो दुसऱ्या बाजूने वाढतो. पोल्झिक यांच्या क्षेत्रातली मंडळीही याच गोंगाटाशी झुंजतात. तेव्हा एमएस्सीला ऑप्टिक्स घ्यावं की नाही, या तिच्या पुढच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे: घे, आणि प्रॅक्टिकल बुडवू नकोस.