इंग्रजीतला हरवलेला मामा

[दृश्य: जळक्या कडांचं हस्तलिखित, अगदी जवळून]

कडा पाहा, काळ्या पडल्यात. १७३१ साली लंडनमध्ये लागलेल्या आगीतून 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्याची ही एकुलती एक प्रत जेमतेम वाचली. आपल्याला हवी ती ओळ अभ्यासकांच्या मोजणीत ८८१वी. सुरुवातीचे तीन शब्द: 'एआम हिज नेफान'. मामा आपल्या भाच्याला. सिगेमुंड आपले पराक्रम भाच्याला, फिटेलाला सांगायचा, तो हा प्रसंग. (यातला 'नेफा' आणि आपला 'नातू' एकाच मुळाचे, बरं का. नातू आला संस्कृत 'नप्तृ'वरून.)

एआम म्हणजे मामाच. काका निराळा, तो 'फॅडेरा'. आत्या 'फधू', मावशी 'मोद्रिये'. "अंकल म्हणजे कोण रे, आईकडचे की बाबांकडचे?" असं त्या इंग्रजांना विचारावंच लागत नव्हतं.

मामाचा मान तर आणखी जुना. इसवी सन ९८च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस जर्मन टोळ्यांबद्दल लिहितो, की मामाला भाचा बापाइतकाच जवळचा. ओलीस मागताना काहीजण भाचाच मागतात. दुखरी नस बरोबर ठाऊक! ९९१ साली इंग्लंडातल्या मॉल्डनच्या लढाईत इंग्रज सरदार बिर्थनोथ पडला. त्या लढाईवरच्या काव्यात वुल्फमेर नावाचा तरुण कापला जातो. त्याची ओळख काय, तर बिर्थनोथच्या बहिणीचा मुलगा.

[दृश्य: नॉर्मन किल्ला]

१०६६ साली फ्रान्सकडून नॉर्मन इंग्लंडात आले, त्यांच्यासोबत फ्रेंच आली आणि पुढे 'अंकल' इंग्रजीत रुळला. गंमत अशी, की त्याचं मूळ, लॅटिन 'अवुंकुलुस', हाही मामाच! शब्दशः 'छोटा आजोबा'. काकाला लॅटिनमध्ये 'पत्रुउस' होता, आपल्या 'पितृव्य'चा भाऊबंद. फ्रेंचांनी वाटेतच मामा-काका एका माळेत ओवले. एआम झिजून 'ईम' झाला, चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात भेटतो, स्कॉटलंडकडे आणखी काही काळ रेंगाळला, मग गेला.

[दृश्य: केंटमधलं फॅव्हरशॅम, बिअरच्या कारखान्याची पाटी]

'शेफर्ड नीम'. यातलं 'नीम' हे आडनाव. 'मीन ईम', माझा मामा, असं भरभर म्हणताना आधीच्या शब्दातला 'न' पुढच्याला जाऊन चिकटला.