चांदीचं नाणं घासू नका

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी ‘जर्मन’ म्हटलं की ॲल्युमिनियमचं पातेलं, कडेला पोचे आलेलं. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ नावाचा जो धातू असतो, त्यात तांबं, निकेल आणि जस्त. चांदी गुंजभरही नाही. त्यामुळे मी जर्मनीची जुनी चांदीची नाणी जमवतो म्हटलं की निम्मे लोक हसतात. पण ही नाणी खरोखर चांदीची आहेत, शंभरात नव्वद भाग.

सोळाव्या शतकात बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, योआखिमस्थालला चांदीची खाण लागली. ‘थाल’ म्हणजे दरी. तिथल्या मोठ्या नाण्याला लोक ‘थालर’ म्हणू लागले आणि ‘डॉलर’ हा शब्दही त्यातूनच आला. पुढे जर्मन संस्थानांनी थालर आपापल्या परीने पाडले. १८७१मध्ये साम्राज्य झालं, १८७३च्या कायद्याने मार्क हे चलन आलं. तरी जुना थालर तीन मार्कांच्या भावाने १९०७पर्यंत चालत राहिला. तो बंद होताच १९०८पासून तीन मार्कांचं नवं नाणं काढावं लागलं! लोकांची सवय अशी सुटत नाही.

हाताला अंदाज यावा म्हणून सांगतो. आपला ब्रिटिश अमदानीतला बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा. दोन मार्कांचं नाणं ११.११ ग्रॅम, रुंदी २८ मिलिमीटर, म्हणजे रुपयाहून जरा लहान. पाच मार्कांचं २७.७८ ग्रॅम, तळहातावर चांगलं जड लागतं. एका बाजूला त्या त्या संस्थानचा राजा किंवा हॅम्बुर्गसारख्या मुक्त शहराचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला साम्राज्याचा गरुड. टांकसाळ एका अक्षरावरून ओळखायची : ए म्हणजे बर्लिन, डी म्युनिक, जे हॅम्बुर्ग.

आता प्रत ठरवण्याकडे येतो. जर्मनांची भाषा आपल्याकडच्या स्थळाच्या जाहिरातीसारखी आहे. ‘झेअर श्योन’ म्हणजे शब्दशः ‘खूप सुंदर’. प्रत्यक्षात चांगलंच वापरलेलं, मधल्या प्रतीचं नाणं. ‘श्योन’, म्हणजे नुसतं ‘सुंदर’, आलं की समजावं, केसांच्या बटा पुसल्या गेल्या आहेत. त्यांच्या वर ‘फोरत्स्युग्लिश’, उत्तम. आणि जवळजवळ टांकसाळीतून आत्ताच आल्यासारखं असेल तर ‘श्टेंपेलग्लांत्स’, ठशाची चकाकी.

नाणं झिजतं ते आधी उंचवट्यावर. विल्हेल्म राजाच्या कानावरचे केस, भुवई, गरुडाच्या छातीवरची ढाल इथे भिंग लावा. मग दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ठसा मारताना धातू मधून कडेकडे सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषांचा हा खेळ.

याच रेषा आमच्या आईने एका दिवाळीत पुसून टाकल्या. लक्ष्मीपूजनाला ठेवायला म्हणून तिने माझं १८८८चं दोन मार्क दंतमंजन लावून घासलं. लख्ख! मी हताश. ती म्हणाली, “अरे, किती काळवंडलं होतं!” तो काळपटपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चढलेलं पातळ पटल. ते नाण्याला शोभतं आणि जाणकार त्याचे पैसे देतात. घासलेलं नाणं चकाकतं खरं, पण सपाट, स्टीलच्या वाटीसारखं.

ते नाणं तिसऱ्या फ्रीडरिखचं होतं. हा सम्राट ९९ दिवस गादीवर बसला आणि वारला. त्याच वर्षी आधी त्याचे वडील गेले, नंतर त्याचा मुलगा आला. एका वर्षात तीन सम्राट. लोकांनी आठवण म्हणून फ्रीडरिखची नाणी जपून ठेवली, म्हणून ती आजही चांगल्या अवस्थेत मिळतात. आईच्या हातची सोडून.

खोट्याचं काय? आधी वजन करा. मग नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी द्या. आपण ‘खणखणीत नाणं’ म्हणतो ना, तो नाद लांबतो. ओतीव नक्कल बद्द वाजते. कड बारकाईने बघा. बव्हेरियात घड्याळाच्या साखळीला नाणी टांगायची पद्धत, आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखीच. कडी काढून कानस मारली तरी कडेवर खूण उरतेच. आणि कुणी सॅक्सनी संस्थानचं १९१७चं तीन मार्क, तिथला जुना शासक ‘शहाणा फ्रीडरिख’ असलेलं, स्वस्तात दाखवलं तर चहा प्या आणि घरी या. ती पाडलीच मुळी शंभर.

एक थालर मात्र आपल्या अंगणातला आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा. ती १७८०मध्ये वारली, पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर व्यापारी तिचंच नाणं मागत, म्हणून पुढेही १७८० हेच साल घालून ते पाडलं गेलं. तिच्या खांद्याखालची एस.एफ. ही अक्षरं आजच्या बव्हेरियातल्या ग्युंत्सबुर्ग टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची. आणि १९४०-४१मध्ये हा थालर चक्क मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला! माझ्याकडे दोन आहेत. त्यातला एक मुंबईचा असावा असं मला फार वाटतं. टांकसाळीप्रमाणे मागच्या गरुडाची पिसं थोडी बदलतात, म्हणून रोज रात्री भिंग घेऊन त्याच्या शेपटीची पिसं मोजतोय. तो थालर मात्र मी आईच्या हाती लागू दिलेला नाही.