मंडईचा इतिहास शेतापासून सांगा

मंडळी, आजच्या पत्रिकेत विषय छापलाय 'पुण्याची मंडई : फुलं, भाजी आणि भाव'. भावाकडे मी येणारच आहे. पण आधी इमारतीबद्दलच्या एका गोष्टीशी मला भांडायचंय आणि ते भांडण बऱ्याच दिवसांचं आहे.

शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात पूर्वी उघड्यावर बाजार भरायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेवर नगरपालिकेनं दगडी मंडई उठवली. वासुदेव बापूजी कानिटकरांनी ती बांधली. १८८६ साली ती खुली झाली आणि गव्हर्नरचं नाव मिळून 'रे मार्केट' झाली. मधे अष्टकोनी मनोरा, त्यातून चहूकडे फुटलेल्या गाळ्यांच्या ओळी आणि वरच्या मजल्यावर खुद्द नगरपालिकेची कचेरी. खाली वांगी, वर ठराव! (हशा) पुढे १९३८ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं गेलं.

इथपर्यंत सगळे एकमत. मग कुणीतरी हमखास डोळे मिचकावून म्हणतो, "पण फुल्यांनीच मंडईला विरोध केला होता ना!" आणि गोष्ट तिथेच संपते. मला राग येतो तो या संपण्याचा. विरोध केला होता, खरंच आहे. जोतीराव १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेत सभासद होते. एवढा पैसा इमारतीवर ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते एकदाच सुचलेलंही नव्हतं. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपयांचा खर्च निघाला, तेव्हाही हा गृहस्थ त्याविरुद्ध एकटा उभा राहिला. ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाला द्या, म्हणाला. बत्तीस सभासदांत एकटा! आज एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकट्यानं हात वर करून बघा, म्हणजे कळेल. (हशा)

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. मंडईत विकल्या जाणाऱ्या मालाची जोतीरावांइतकी घरची ओळख त्या सभागृहात कितीजणांना असेल? आजोबा शेटिबा कटगुणचे. त्यांची मुलं पेशव्यांकडे फुलं पुरवायची. त्यावरूनच घराण्याला आडनाव पडलं आणि पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली. ती जमीन थोरल्या भावानं, राणोजीनं बळकावली. मग जोतीरावांचे वडील गोविंदराव फुलं-भाजीच्या धंद्यावर संसार चालवू लागले. म्हणजे ज्याला 'मंडईचा विरोधक' म्हणून आपण हसतो, तो भाजीवाल्याच्या घरात वाढलेला होता.

आणि १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला, म्हणजे मंडई खुली होण्याच्या तीन वर्षं आधी. त्यात एक शेतकरी गाडीभर माळवं, म्हणजे भाजीपाला, घेऊन शहरात येतो. नाक्यावर जकात, बाजारात दलाली, असं करत करत मालाचा पैसा वाटेतच संपतो आणि तो रिकाम्या हातानं घरी जातो. मंडईचा इतिहास लिहायचा तर माझ्या मते पहिलं पान हे. मनोऱ्याची उंची नंतर सांगा. त्या इमारतीवर जोतीरावांचं नाव शोभतं ते या पानामुळे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे भावाचं सगळं दहा मिनिटांत बसवायचं. असो.

तर भाव. जुन्या बाजारात भाव रुमालाखाली ठरायचा. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार कापडाखाली हात धरून बोटं दाबायचे. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा, पण त्याला आकडा कळायचा नाही. संध्याकाळी हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, पडायची आणि तीत अडत (अडत्याचं कमिशन), हमाली, तोलाई वजा झालेली. बाजार समित्या आल्या त्या हे मोडायला, उघड लिलाव करायला. राज्याचा बाजार समिती कायदा १९६३चा. पुढे पुण्याचा घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. फुलांचा घाऊक बाजारही तिकडेच गेला. मंडईत राहिली किरकोळ विक्री.

फुलांचं दुखणं भाजीहून वेगळं. बटाटा थांबतो, गुलछडी थांबत नाही. पहाटेचं फूल दुपारी उतरतं. पावसात भिजलेल्या झेंडूचं वजन वाढतं आणि भाव पडतो. दसऱ्याला सगळ्यांचा झेंडू एकदमच येतो. परत न्यावा तर गाडीभाडं अंगावर, म्हणून माल तिथेच टाकून जातात. कायद्यानं लिलाव उघड केला, पण फुलाचं आयुष्य कसं वाढवणार? २०१६ मध्ये अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं आणि फळं-भाजी बाजार आवाराबाहेरही विकायला मोकळीक मिळाली. जोतीरावांच्या त्या गाडीपासून मोजलं तर इथवर यायला एकशे तेहतीस वर्षं लागली. शीतगृहं आणि निर्यातीचे मुद्दे राहिले, ते प्रश्नोत्तरांत घेऊ.

एकच विनंती. सासवड, यवत, उरुळीकडच्या कुणाच्या घरी आजोबांच्या काळातल्या पट्ट्या पत्र्याच्या पेटीत पडल्या असतील, तर टाकू नका. इमारतीचे फोटो ढिगानं आहेत. पट्ट्या कुणी जपलेल्या नाहीत. माझ्याकडे आणा. मी फोटो काढून त्याच दिवशी परत करेन.