चोराची फी आणि जैमिनीचं तूप

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'लेव्हल वाढण्याचे संदिग्ध नियम आणि त्यांचा अर्थ'. म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळांत आपलं पात्र एक पायरी वर कधी जातं, ते. तीन कसोट्या देईन असं मी आयोजकांना कबूल केलंय, आणि देणारही आहे. पण आधी थोडं लांबून येऊ द्या. माझ्या डोक्यात एक खूळ आहे आणि ते ऐकून घेणारं घरात आता कुणी उरलेलं नाही.

हात वर करा बघू, इथे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे डन्जन मास्टर, किती? बरं. आणि नियमांवरून वाद घालणारे किती? तेच हात. छान.

लढाईतला नियम संदिग्ध निघाला तर भांडण पाच मिनिटांचं असतं. फासा टाकला, ऑर्क मेला की वाचला ते कळलं, चला पुढे. लेव्हलचं तसं नाही. आज एका वाक्याचा अर्थ सैल लावला, तर ते कॅरेक्टर कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींची ती गोष्ट, संपेपर्यंत ते जादा बळ घेऊन टेबलावर बसतं आणि शेजारचा क्लेरिक, म्हणजे पुजारी, मनातल्या मनात हिशेब ठेवतो. त्यात हे नियम विखुरलेले. थोडे क्लासच्या, म्हणजे पात्राच्या पेशाच्या, प्रकरणात, थोडे मल्टिक्लासिंगमध्ये, म्हणजे एकाहून जास्त पेशे घेण्याच्या नियमांत, आणि जे खरं हवं असतं ते नेमकं मागून आलेल्या पुरवणीत.

अशा वेळी आपल्यात दोन पंथ पडतात. एक 'लिहिलंय तसंच'वाला, दुसरा 'लेखकाला काय म्हणायचं होतं'वाला. दुसऱ्या पंथाला माझा साधा प्रश्न आहे: विचारणार कुणाला? डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे दोन मूळ कर्ते: गायगॅक्स २००८ साली गेले, आर्नेसन २००९ साली. आणि जिवंत लेखकांना विचारलं तरी ते सकाळी एक सांगतात आणि संध्याकाळी दुसरं.

आता खूळ सांगतो. कर्त्याला विचारायची सोय नसताना ग्रंथाचा अर्थ कसा लावायचा, यावर आपल्याकडे मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, शेकडो वर्षं डोकं लढवलंय. त्यांच्या मते वेद अपौरुषेय. कर्ताच नाही, तेव्हा 'कर्त्याच्या मनात काय होतं' ही पळवाट पहिल्याच दिवशी बंद! राहिलं फक्त वाक्य. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना मीमांसेच्या या अर्थनिर्णयाच्या नियमांना ऐसपैस जागा दिली आहे, ती उगाच नाही. वारसाहक्कापासून दत्तकापर्यंतचे वाद याच हत्यारांनी सोडवले जायचे. मग आपला पाचव्या लेव्हलचा विझर्ड काय मोठा लागून गेला?

एकच उदाहरण देतो. अग्निचयन नावाच्या यज्ञात वेदी रचताना एक वाक्य येतं, 'अक्ताः शर्करा उपदधाति'. माखलेले खडे मांडावेत. कशानं माखलेले? तेलानं, तुपानं, की आणखी कशानं? वाक्य गप्प. पण पुढे लगेच तुपाची स्तुती आहे: 'तेजो वै घृतम्'. मीमांसेचा सूत्रकार जैमिनी म्हणतो, 'संदिग्धेषु वाक्यशेषात्'. संशय असेल तिथे उरलेल्या मजकुरावरून ठरवा. म्हणजे तूप. गंमत बघा, ती स्तुती हा काही नियम नाही, तो अर्थवाद. आपल्या भाषेत फ्लेवर टेक्स्ट! आपण ज्याला 'ते काय, नुसतं वर्णन आहे' म्हणून उडवून लावतो, त्यावर इथे निकाल लागलाय.

आता माझं जुनं दुखणं. १९७९ सालचं डन्जन मास्टर्स गाइड, डीएमसाठीचं नियमांचं पुस्तक. मागे बसलेले हसतायत, म्हणजे त्यांना ठाऊक आहे. आमच्या एका डीएमला, नाव घेत नाही, मित्र आहे अजून, जुन्या नियमांनी खेळायची हुक्की आली. मी चोर घेतला, कारण चोराची लेव्हल सगळ्यांत लवकर वाढते: १२५१ एक्सपीला, म्हणजे अनुभवाच्या गुणांना, दुसरी. फायटरला २००१ लागतात, मॅजिक-युजरला २५०१. सोन्याच्या एका नाण्याला एक एक्सपी. सरळ हिशेब.

पण त्या पुस्तकात नुसते एक्सपी जमून भागत नाही. गुरू शोधायचा, शिकवणी लावायची. फी आठवड्याला १५०० नाणी, गुणिले तुमची सध्याची लेव्हल. किती आठवडे? तर डीएम तुमच्या खेळण्याला उत्तम ते वाईट असे चार दर्जे देणार आणि त्यावरून एक ते चार आठवडे ठरणार. आता बघा. मला १२५१ एक्सपी हवेत, त्यातले काही राक्षस मारून आलेले. म्हणजे खिशात हजारभर नाणी. आणि फी कमीत कमी दीड हजार! उत्तम खेळलो तरी परवडत नाही. बरं, मग आणखी कमवावं, तर आवश्यक एक्सपी झाल्यावर शिकवणी होईपर्यंत पुढचा एक एक्सपीही मिळत नाही. म्हणजे जीव धोक्यात घालून सोनं आणायचं, त्याचे गुण शून्य, आणि ते सगळं शिकवणीत भरायचं. आमच्याकडे क्लासवाले तरी हप्ते पाडून देतात.

अजून आहे. वाईट दर्जाची उदाहरणं पुस्तकातच दिली आहेत. लढाईत मागे रेंगाळणारा फायटर, हाणामारीत घुसणारा मॅजिक-युजर, आणि हे ऐका, संधी असूनही जास्तीचं थोडं धन न उचलणारा चोर! मी एका सेशनला सोबत्यांचा वाटा सोडून दिला होता. माणुसकी म्हणून. डीएमनं शांतपणे पुस्तक उघडलं आणि वाईट दर्जा दिला. चार आठवडे, सहा हजार नाणी. प्रामाणिकपणाचा दंड. मी दोन सेशन पहिल्या लेव्हलवर कुजत बसलो आणि बाकीचे माझ्याकडे दयेनं बघत होते.

या सगळ्यात एक ओळ होती. गुरू काही पैसे आणि काही सेवा असं मिश्रण स्वीकारू शकेल, डीएमची मर्जी असेल तर. मी म्हणालो, ही ओळ त्याच नियमाचा भाग आहे. पहिल्या लेव्हलच्या चोराकडे दीड हजार नसणार हे गणितानंच ठरलंय; तेव्हा ही सवलत इथे वापरली नाही तर तिला अर्थच काय? डीएम म्हणाला, 'मर्जी' लिहिलंय, माझी मर्जी नाही. अडीच तास! पिझ्झा गार झाला. ट्रॅव्हलर खेळणारे सुखी, १९७७ सालच्या त्या खेळात लेव्हलच नाहीत. कॅरेक्टर बनवता बनवता मेलं तर मेलं, पण फीचा प्रश्न नाही.

हो हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. म्हणजे तीन कसोट्या धावत्या घेऊ.

पहिली, वाक्यशेष. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत क्लेरिकच्या चार लेव्हल आणि विझर्डची एक असं कॅरेक्टर. दोन्ही मिळून मंत्र टाकायचे स्लॉट तिसऱ्या पातळीपर्यंत मिळतात. विझर्डच्या प्रकरणात म्हटलंय, ज्या पातळीचा स्लॉट आहे त्या पातळीचा मंत्र घ्या. मग तिसऱ्या पातळीचा फायरबॉल घ्यायचा का? नाही. मल्टिक्लासिंगमध्ये प्रत्येक क्लास एकटा धरून मोजा असं आहे, आणि खाली रेंजर चार, विझर्ड तीनचं उदाहरणही आहे. ते उदाहरण म्हणजे तुमचं तूप.

दुसरी, फल. नियम कशासाठी आहे ते बघा. १९७४ च्या मूळ पुस्तकात उदाहरणानंच घोळ घातलाय. आठव्या लेव्हलचा मॅजिक-युजर भुयाराच्या पाचव्या मजल्यावर असेल तर एक्सपी पाच-अष्टमांश. पण पुढे ट्रोलच्या हिशेबात सात-अष्टमांश, कारण ट्रोल सातव्या पातळीचा. मग मजला धरायचा की राक्षस? धोका मोजायचाय. मजला हा धोक्याचा अंदाज, राक्षस हा प्रत्यक्ष धोका. समोर राक्षस असेल तर राक्षस धरा. कॉल ऑफ कथूलू या भयकथांच्या खेळातही तेच: यशस्वी वापराला स्किलपुढे ते वाढण्याच्या संधीची खूण मिळते, म्हणून कुणी रिकाम्या खोलीत कुलपं उघडत बसला तर खूण नाही. जिवावर बेतलेलं असताना शिकलं, त्याची ती खूण.

तिसरी, आनर्थक्य, म्हणजे नियम निरर्थक होणं, टाळा. साडेतीन आवृत्तीचा ड्रॅगन डिसायपल, एक प्रेस्टीज क्लास, म्हणजे अटी पुऱ्या केल्यावरच घेता येणारा पेशा. अट अशी की तो ड्रॅगन नसावा. दहाव्या लेव्हलला तो अर्धा ड्रॅगन होतो. आणि नंतरच्या एका पुरवणीत नियम आला की प्रेस्टीज क्लासची अट मोडली तर त्याचे फायदे जातात. म्हणजे ड्रॅगन झाला, अट मोडली, ड्रॅगनपण गेलं, अट पुन्हा पुरी झाली, पुन्हा ड्रॅगन... टेबलावर नुसता भोवरा. मीमांसक सांगेल, ज्या अर्थानं विधी व्यर्थ होतो तो अर्थच घ्यायचा नाही. शिवाय सामान्य नियमापेक्षा विशेष बलवान. दहावी लेव्हल हे त्या क्लासचं विशेष वचन, पुरवणीचा नियम सामान्य. तो अर्धा ड्रॅगनच राहतो.

हॉल साडेसातला सोडायचाय. ज्यांना पटलं नाही त्यांनी बाहेर चहापाशी गाठा, पण पुस्तक घेऊन या. मोबाइलवरचे स्क्रीनशॉट चालणार नाहीत, त्यात नेमका वाक्यशेष कापलेला असतो.